गाडी बदलण्यापूर्वीं

लहानपणीं आम्ही नगरहून पुण्यास आगगाडीनें जात असूं, तेव्हां दौंड जंक्शनावर गाडी बदलावी लागे. फलाटावर पाय टेकतांच आम्हां भावंडांचा एकच गलका होई, “बाबा, पुण्याची गाडी कोठें लागते?” वडील त्या प्रश्नाचें उत्तर देत नसत. ते आधीं सामान मोजीत. ट्रंक एक, वळकटी एक, फिरकीचा तांब्या एक, फराळाची पिशवी एक, आणि मुलें तीन. हा हिशेब जुळला म्हणजे मग ते हमालाकडे गाडीची चौकशी करीत. चुकलेल्या गाडीमागून दुसरी गाडी येते, परंतु फलाटावर विसरलेली ट्रंक मागून येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें असे. ते पाळक होते. त्यांच्या आयुष्यांत बदल्या पुष्कळ झाल्या आणि सामान नेहमीं थोडेंच राहिलें. कदाचित् त्यामुळेंच हा नियम त्यांनीं कधीं मोडला नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास हा नियम मला पुन्हां शिकावा लागला. निमित्त झालें एका लॅपटॉपचें.

माझा जुना लॅपटॉप २०१४ सालीं घेतलेला होता. त्याच्या झांकणाची बिजागरी मोडली होती, आणि तें उभें राहावें म्हणून पाठीमागें शब्दकोशाचा एक जाड खंड लावावा लागे. सरांचा संगणक शब्दकोशावांचून उभा राहत नाहीं, असा एक विनोद वर्गांत रूढ झाला होता. बॅटरी अर्ध्या तासांत मान टाकी. तरीहि प्रश्नपत्रिका, धड्यांचीं टिपणें, या वार्षिकाचा मराठी विभाग, हें सर्व काम त्यानें अकरा वर्षें निमूटपणें ओढलें. त्याच्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. तिला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ही तिची धाकटी बहीण २०२१ सालींच आली होती. परंतु तिला टीपीएम २.० नांवाचा सुरक्षेचा घटक आणि ठराविक यादींतील प्रोसेसर लागतो. माझें यंत्र त्या यादीहून वयानें वडील होतें. यांत तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. अकरा वर्षें राबलेल्यानें विश्रांति मागितली तर ती दिलीच पाहिजे.

आधार संपला म्हणजे यंत्र त्या दिवशीं बंद पडतें असें नव्हे. तें पूर्वींसारखेंच चालतें. फरक इतकाच कीं, भिंतीला नवीं भोंकें पडत राहतात आणि तीं बुजविणारा गवंडी येईनासा होतो. थोड्या मुदतवाढीची सोय होती, पण मोडक्या बिजागरीला मुदतवाढ कोण देणार? ज्या यंत्रावर मुलांचे गुण व बँकेचे व्यवहार ठेवावयाचे, तें असें उघड्यावर ठेवणें बरें नव्हे, असा विचार करून मीं नवा लॅपटॉप घेण्याचें ठरविलें.

मीं ठरविलें मात्र, आणि शिक्षकांच्या खोलींत तीन पक्ष निर्माण झाले. पहिला पक्ष म्हणे, जुनी वाट सोडूं नका, विंडोज ११ असलेलें नवें यंत्र घ्या. सर्व कचेऱ्या व सर्व दुकानदार तेंच ओळखतात. आमचे चित्रकलेचे शिक्षक मॅकचे भक्त. २०२० सालापासून ॲपलनें आपल्या संगणकांत स्वतःचे प्रोसेसर बसविण्यास आरंभ केला, तेव्हांपासून हीं यंत्रें फार थोड्या विजेवर चालतात, तापत नाहींत, आणि पडद्यावरील रंग तर पाहातच राहावे, असें ते सांगत. तिसरा पक्ष एकट्या गणिताच्या शिक्षकांचा. परंतु ते एकटेच तिघांइतकें बोलत. त्यांचा पक्ष लिनक्सचा. हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा लिहिण्यास घेतला आणि तो जगापुढें खुला ठेवला. ती कोणासहि फुकट घेतां येते, उघडून तपासतां येते, सुधारतां येते आणि दुसऱ्यास देतां येते. “ज्ञानदान म्हणतात तें हेंच,” असें म्हणून ते माझ्याकडे मोठ्या अर्थपूर्ण नजरेनें पाहत.

ही वार्ता नववीच्या वर्गांत पोंचण्यास वेळ लागला नाहीं. एके दिवशीं फळा पुसत असतां मागील बाकावरून हलकाच आवाज आला, “सर आतां धर्मांतर करणार!” वर्ग हंसला, आणि मलाहि हंसूं आवरलें नाहीं. परंतु तो शब्द मनांत राहिला. ज्याच्या पणजोबांनीं एका खेड्यांत, सगळ्या गांवाचा रोष पत्करून, ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्याला हा शब्द केवळ थट्टेचा राहत नाहीं. असो, त्याविषयीं पुढें सांगतों.

चित्रकलेच्या शिक्षकांनीं मोठ्या मनानें आपला मॅक एका रविवारीं मला वापरावयास दिला. उपासनेहून परत आल्यावर मीं माझा पेनड्राइव्ह त्याला जोडला आणि सर्वांत आधीं जी फाईल उघडली तिचें नांव ‘बाबांच्या आठवणी’.

या फाईलीची हकीगत सांगितली पाहिजे. २००६ सालीं, सेवानिवृत्तीनंतर, वडिलांनीं आपल्या आठवणी सांगितल्या व मीं त्या टंकित केल्या. रोज संध्याकाळीं एक तास याप्रमाणें तें काम चार महिने चाललें. एकशें बारा पानें भरलीं. तीं छापावयाचीं होतीं. परंतु आज छापूं, उद्यां छापूं असें करतां करतां २०११ सालीं वडील प्रभूच्या सन्निध गेले आणि छपाई राहून गेली. एक प्रत कागदावर काढली होती, ती भावाकडे गेली आणि घर बदलतांना कोठें तरी नाहींशी झाली. तेव्हां आतां उरली होती ती ही फाईल.

ती मॅकच्या सुंदर पडद्यावर उघडली, आणि तिच्यांत मराठीचें एकहि अक्षर नव्हतें. रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस, अधिक-उणेचीं चिन्हें यांची पानेंच्या पानें भरलेलीं होतीं. जणूं एखाद्या लहान मुलानें कळांवर दोन्ही हात आपटावेत. माझ्या पोटांत धस्स झालें. फाईल बिघडली, असें वाटलें. घाईघाईनें ती माझ्या जुन्या यंत्रावर लावली, तर वडिलांचें पहिलें वाक्य जसेंच्या तसें. पुन्हां मॅकवर लावली, पुन्हां तीच खिचडी. दोष त्या मॅकचा नव्हता, हें मला गणिताच्या शिक्षकांनीं दुसऱ्या दिवशीं समजावून सांगितलें. फाईल बिघडलेली नव्हती. ती जन्मापासून तशीच होती. मला मात्र एकोणीस वर्षें तें ठाऊक नव्हतें.

त्याचें कारण असें. मी १९९८ सालीं टंकलेखन शिकलों तें मराठी टाइपरायटरावर. पुढें संगणक हातीं आला, तेव्हां त्याच कळांच्या क्रमानें चालणारा एक मराठी फॉन्ट मला मिळाला व मी सुखावलों. इंग्रजी टाइपरायटराच्या दांड्यांवरील अक्षरें काढून त्यांच्या जागीं मराठी अक्षरांचे ठसे बसवावे, तसा तो प्रकार होता. मी ‘क’ लिहिला असें मला वाटे. यंत्राच्या वहींत मात्र एका रोमन अक्षराची नोंद होई. त्या अक्षराच्या तोंडावर ‘क’चा मुखवटा चढविण्याचें काम तो फॉन्ट करी. जेथें तो फॉन्ट आहे तेथें मराठी. जेथें नाहीं तेथें मुखवटा गळून पडे आणि खालचें रोमन अक्षर उघडें होई. म्हणजे बाबांच्या आठवणी मीं मराठींत लिहिल्याच नव्हत्या. मराठीसारख्या दिसतील अशा लिहिल्या होत्या.

खरी मराठी लिहिण्याची सोय त्या वेळीं नव्हती असेंहि नाहीं. युनिकोड या जागतिक व्यवस्थेची पहिली आवृत्ति १९९१ सालींच निघाली होती. तिच्यांत प्रत्येक लिपींतील प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक, म्हणजे स्वतःचें घर, दिलेलें आहे. देवनागरीच्या वाट्याला एकशें अठ्ठावीस घरांची एक आळी आली. तिची मांडणी भारतांत १९८८ सालीं ठरलेल्या इस्की या संकेतावर बेतलेली आहे. ‘क’चें घर मग यंत्र कोणतेंहि असो, कार्यप्रणाली कोणतीहि असो, तेंच राहतें. मराठीस लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र घर मिळावयास २००८ साल उजाडलें, परंतु बाकीची आळी केव्हांच वसली होती. मीच तिकडे गेलों नाहीं. बोटांना टाइपरायटराची संवय, गांवांतील छापखानाहि जुन्या फॉन्टांतलाच मजकूर मागे, आणि काम तर चाललें आहे ना, हा आळस. या तिन्हींचें फळ आतां समोर होतें.

त्या रात्रीं मला झोंप येईना. आमच्या घरीं एका लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेली एक चोपडी आहे. ती पणजोबांची. ख्रिस्ती झाल्यावर ते मिशनच्या एका खेड्यांतील शाळेवर शिक्षक होते, आणि ही चोपडी त्यांनीं त्या काळांत लिहिली, इतकेंच आम्हांस ठाऊक आहे. ती मोडींत आहे. आजोबांना ती अडखळत वाचतां येई, वडिलांना मुळींच नाहीं, आणि मला तर तींतील एक अक्षरहि लागत नाहीं. एके काळीं मोडी ही मराठी माणसाच्या नित्याच्या व्यवहाराची लिपि होती. श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें आपल्या मराठी व्याकरणाची १८०५ सालची आवृत्ति बाळबोध अक्षरांत छापली. परंतु १८१० सालीं कोश छापतांना मात्र मोडीचे ठसे वापरले, कारण लोकांच्या हातांत तीच लिपि होती. पुढें छापखान्याला बाळबोध सोयीची वाटली, शाळेनें छापखान्याचें अनुकरण केलें, आणि दीडशें वर्षांच्या आंत मोडी आमच्या हातांतून गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. कागद आहे, शाई आहे. वाचणारे डोळे थोडे.

पणजोबांची चोपडी लिपि गेल्यामुळें मुकी झाली. बाबांची फाईल एक फॉन्ट गेल्यामुळें मुकी होणार होती. त्यांत मौज ही कीं, मोडी लिपीसहि युनिकोडनें २०१४ सालीं घरें बांधून दिलीं आहेत. म्हणजे शाळेनें सोडून दिलेली लिपि आज संगणकाच्या जगांत सनदशीर नागरिक आहे, आणि माझ्या हातानें, माझ्या संगणकावर लिहिलेले माझ्या वडिलांचे शब्द मात्र बेघर! कोणता लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न घेऊन मी तीन आठवडे दारोदार फिरत होतों. दौंडच्या फलाटावर “गाडी कोठें लागते?” असें ओरडणाऱ्या मुलांत आणि माझ्यांत कांहीं फरक नव्हता. सामान मीं मोजलेंच नव्हतें.

मग मीं खरेदी लांबणीवर टाकली आणि दिवाळीची सुटी सामान मोजण्यांत घालविली. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडांत उतरविणारे कार्यक्रम मिळतात. त्यांपैकीं एकानें माझ्या टिपणांचें व प्रश्नपत्रिकांचें काम बरेंचसें केलें. परंतु असा कार्यक्रम म्हणजे परक्या गांवचा नकलनवीस. त्याला अक्षर कळतें, शब्द कळत नाहीं. टाइपरायटरावर ‘कि’ लिहितांना पहिली वेलांटी आधीं मारावी लागे व ‘क’ मागून. युनिकोडांत उच्चाराप्रमाणें ‘क’ आधीं व वेलांटी मागून. ही अदलाबदल करतांना त्यानें कित्येक वेलांट्या शेजारच्या घरीं नेऊन दिल्या. ‘ऱ्या’मधील अर्धा र तर त्यानें जागोजाग गिळला, ‘दुसऱ्या’चा ‘दुसया’ झाला आणि ‘शेतकऱ्यांचा’ ‘शेतकयांचा’. तेव्हां बाबांचीं एकशें बारा पानें ओळीओळीनें तपासणें प्राप्त झालें.

माझी आई आतां ऐंशीची आहे. तिला बारीक अक्षर दिसत नाहीं, पण ऐकूं स्वच्छ येतें. मी वाचीत जाईं आणि ती ऐके. १९७२ च्या दुष्काळाच्या प्रकरणाशीं आम्ही आलों. त्या वेळीं वडील नुकतेच कामावर रुजू झालेले तरुण पाळक होते. एका वाक्यांत नकलनवीसानें एक अक्षर पार खाल्लें होतें. मीं अंदाजानें वाचलें, “पोत्यांतून आलेली सुगडी आम्ही मुलांना वांटीत असूं.”

आई म्हणाली, “सुगडी? संक्रांतीचं वाण वाटत होते होय रे तुझे बाबा? सुकडी! खडी फोडायला येणाऱ्या बायांच्या पोरांना वाटायची ती. खाली फडकं धरायची पोरं, भुकटी सांडू नये म्हणून.” मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “रात्री ते त्या पोत्यांवरच निजत. उंदीर फार झाले होते. मी म्हटलं, घरी येऊन निजा. तर म्हणाले, उंदरांनी खाल्लं तर सकाळी पोरांना काय देऊ?”

ही गोष्ट त्या एकशें बारा पानांत नव्हती. वडिलांना ती सांगण्याजोगी वाटली नसावी. मी ती तेथेंच, त्या वाक्याखालीं, आईच्या नांवानें लिहून घेतली. अशा आणखी किती तरी गोष्टी निघाल्या, आणि सुटी संपली तेव्हां पानें एकशें एकोणीस झालीं होतीं. एक अक्षर गहाळ झालें नसतें तर ती सात पानें आम्हांस मिळालीं नसतीं, असें मी आतां म्हणतों. परंतु जुनें यंत्र सुटीआधीं भंगारांत गेलें असतें तर एकशें बाराहि मिळालीं नसतीं, हें मी विसरत नाहीं.

काम संपल्यावर मीं ती फाईल चित्रकलेच्या शिक्षकांच्या मॅकवर उघडली. दुकानांत जाऊन विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर उघडली. गणिताच्या शिक्षकांच्या लिनक्सवर उघडली. तिन्हीं ठिकाणीं वडिलांचें पहिलें वाक्य सारखेंच दिसलें. आणि त्याबरोबर असें झालें कीं, ज्या निवडीनें मला तीन आठवडे छळलें होतें ती अगदीं हलकी झाली. सामान कोणत्याहि गाडींत चढणारें आहे असें ठरल्यावर गाडीची निवड ही केवळ सोयीची आणि पैशाची बाब उरते.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा प्रभूच्या शिकवणींत एक दृष्टांत आहे. मीहि एक कागद घेऊन बसलों. माझें काम काय? लिहिणें, वाचणें, वर्गांत चित्रें व नकाशे भिंतीवर दाखविणें, पत्रव्यवहार. चित्रपट जोडणें किंवा संगीत बसविणें माझ्याकडून होणें नाहीं. तेव्हां मॅकचे गुण मान्य करूनहि त्यांपैकीं निम्मे माझ्याकडे पडून राहिले असते. शिवाय त्यांतील रॅम खरेदीनंतर वाढवितां येत नाहीं, म्हणजे पांच वर्षांनंतरची गरज आजच ओळखून तिचे पैसे आजच मोजावे लागतात. नवें विंडोज यंत्र घेणें हा सरळ मार्ग होता व त्यांत चूक कांहींच नव्हती. परंतु माझ्या पिशवीला एक तिसरा मार्ग परवडला. कचेऱ्यांतून वापरून निघालेला, तपासून दुरुस्त केलेला, ज्याला दुकानदार ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात तसा एक लॅपटॉप मीं चोवीस हजार रुपयांस घेतला. चौदा इंची पडदा, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. बॅटरी व रॅम दोन्हीं बदलतां येण्याजोगीं. आणि कळफलक असा कीं बोटांना समाधान वाटावें. त्यावर लिनक्स मिंट चढविलें.

येथें एक उपयोगाची गोष्ट सांगतों. लिनक्स घेण्यापूर्वीं चाखून पाहतां येतें. तें एका पेनड्राइव्हवर भरावें, त्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावें. यंत्रांतील मूळ प्रणालीला धक्काहि लागत नाहीं. दुकानदाराच्या परवानगीनें मीं अर्धा तास हें केलें. वाय-फाय जोडलें जातें काय, आवाज येतो काय, झांकण मिटून उघडल्यावर यंत्र जागें होतें काय, वर्गांतील प्रोजेक्टरची तार लागते काय, असें एकेक पाहून घेतलें. दुकानदार प्रथम संशयानें आणि मग कुतूहलानें पाहत होता. नारळ घेतांना आपण तो कानाशीं हालवून पाहतों. चोवीस हजारांची वस्तु तशीच उचलावी काय?

सर्व सुखाचें झालें असें मात्र नाहीं. गुणपत्रकें करण्याचा एक जुना कार्यक्रम केवळ विंडोजवर चालतो. त्या कामासाठीं मला अजून शाळेच्या कार्यालयांत जाऊन बसावें लागतें. दुसऱ्यांनीं वर्डमध्यें केलेले तक्ते लिब्रेऑफिसमध्यें उघडले कीं कधीं कधीं एखादी रेघ सरकते. घरचा छपाईचा यंत्रोबा दोन दिवस रुसून बसला होता. सर्वांत अवघड गेलें तें बोटांना. टाइपरायटरी क्रम सोडून मीं इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यास घेतला. त्यांत स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला असतात; ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच कळेवर, अशी बाराखडीसारखीच शिस्तीची मांडणी आहे, आणि ती विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर मिळते. परंतु सत्तावीस वर्षांची संवय मोडतांना पहिला महिना मी पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाच्या वेगानें लिहीत होतों. त्या महिन्यांत पहिलीच्या मुलांविषयीं माझा आदर फार वाढला.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, कोणतें यंत्र चांगलें, असें मला विचारूं नका. तुमच्यापैकीं कोणी चित्रें काढील, कोणी हिशेब करील, कोणी यंत्रेंच बनवील. प्रत्येकाची गाडी निराळी. मी विचारतों तें इतकेंच कीं, तुमचें लिखाण, तुमच्या घरचे फोटो, तुमच्या आजीनें सांगितलेल्या ओंव्या, या ज्या पेटींत आहेत ती पेटी दुसऱ्याच्या घरीं उघडते काय? एकाच दुकानाची किल्ली लागणारी पेटी असेल तर ती आजच उघडून ठेवा. यंत्र धडधाकट आहे तोंवरच हें काम सोपें असतें.

आतां त्या मागील बाकावरील शेऱ्याविषयीं. पणजोबांनीं धर्म बदलला तेव्हां पुष्कळ कांहीं मागें राहिलें : वाटणीची जमीन, भावकी, पाणवठा. परंतु मराठी त्यांनीं मागें ठेवली नाहीं. पणजी जात्यावर बसली कीं त्याच चालीवर ओंव्या म्हणे. त्यांत नांव मात्र येशूचें येई, असें आजोबा सांगत. पणजोबांनींहि आपला मोडीचा सराईत हात बरोबर नेला आणि त्याच हातानें ती चोपडी लिहिली. वाट बदलणाऱ्यानें काय बरोबर न्यावें, हें त्या दोघांना कळत होतें.

ती चोपडी मीं या नाताळांत एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे नेली. तिच्यांत प्रार्थना असतील, साक्ष असेल, छळाची हकीगत असेल, अशा अनेक कल्पना आम्हीं घरांत केल्या होत्या. त्यांनीं चष्मा चढविला, पहिलें पान उजेडाकडे धरलें आणि हळूहळू वाचूं लागले. पहिल्या पानावर शाळेंतील मुलांची हजेरी होती. नांवापुढें नांव, आणि खालीं एकूण पटाची बेरीज.

सामान मोजण्याची संवय आमच्या घराण्यांत वडिलांच्याहि आधींची दिसते.